डाव्या दाराची खिटी

मी एक जुनी मोटारगाडी आहे. खरं सांगायचं तर कंबरेच्या वर तेवढी जुनी आहे. कंबरेखालचं सगळं दुसरीचं. चाकं तिची, इंजिन तिचं, ब्रेकही तिचे. माझं म्हणावं असं उरलंय ते बाटलीच्या काचेसारखं हिरवं अंग, चार दारं, दोन गोल दिवे, आणि एक गोष्ट, जी मी त्रेपन्न वर्षं पोटात ठेवली.

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा आधी आपलं कौतुक सांगतात. छत्री सांगते, मी इतक्यांना भिजू दिलं नाही. शाळेची घंटा सांगते, माझ्यावाचून सुट्टी झाली नसती. मलाही तसं सांगता आलं असतं. पण घराचं एक दार नीट लागत नसलं, की बाकीच्या खोल्यांत चित्त थाऱ्यावर राहत नाही. म्हणून मी दाराचंच सांगते.

मला घडवलं तेव्हा पत्रे जाड असत आणि माणसं हातोडीनं ठोकून त्यांना गोलाई आणत. माझी पुढची दोन दारं आजच्या गाड्यांसारखीच होती. मागची दोन मात्र उलटी. त्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आणि ती उघडायची पुढून, त्यामुळे एका बाजूची दोन्ही दारं उघडली की कपाटाच्या दोन फळ्या उघडल्यासारखं दिसे. चढायला-उतरायला ऐसपैस जागा. गुडघेदुखीवाले तर दुवा देत. पण त्यात एक खोट होती. चालत्या गाडीचं साधं दार किलकिलं झालं, तर समोरचा वारा ते लोटून लावतो. माझं मागचं दार किलकिलं झालं, तर वारा फटीत बोटं घालतो आणि ते ओढून सताड उघडतो. म्हणून त्याची कडी पक्की लागते. माझ्या मागच्या डाव्या दाराची कडी पक्की नव्हती. म्हणजे रोज नव्हती असंही नाही. एरवी ती शहाण्यासारखी वागायची, आणि तिथंच सगळं फसलं.

मला विकत घेतलं एका मोजणीदारानं. लोकांच्या जमिनी मोजून हद्दीचे दगड पुरून द्यायचे, हा त्याचा धंदा. भारी काटेकोर माणूस. मला शेडमध्ये उभी करताना दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटली की नाही, हे तो उतरून बघायचा. त्याची बायको म्हणायची, "यांना हसूसुद्धा फूटपट्टी लावून येतं." माझ्या डिकीत त्याची मोजणीची साखळी, लोखंडी खुंट्या आणि कामाच्या दिवशी हद्दीचे दगड असत. दगड चढले की माझं बूड खाली बसायचं. बूड बसलं की माझं अंग मधोमध जरासं वाकायचं, दोन दारांमधला खांब आणि मागचं डावं दार यांच्यात बोटभर फट पडायची, आणि कडीची जीभ नुसती टोकावर टेकून राहायची. हे मला जाणवायचं. बाहेरून दार लागलेलं दिसायचं.

ते दार खडखडतं एवढंच घरात ठाऊक होतं. त्यावर घरानं घरगुती उपाय काढला. दाराला आतून चामड्याचा पट्टा होता. त्या बाजूला जो बसेल त्यानं तो पट्टा धरून दार आत ओढून ठेवायचं. हे काम मोजणीदाराच्या थोरल्या मुलीकडे होतं. तिला सगळे ठकी म्हणत. ठकी दहा वर्षांची, अंगानं काटकुळी, पण बसली की खांबासारखी बसायची. निघताना मोजणीदार विचारायचा, "दारावर कोण?" आणि ठकी म्हणायची, "मी." तो एक हुद्दाच होता म्हणा ना. तिचा धाकटा भाऊ सोन्या तीन वर्षांचा. तो पट्ट्याला हात लावायला गेला की ती म्हणायची, "हे मोठ्यांचं काम आहे."

त्या दिवशी डिकीत बारा दगड होते. पुढे मोजणीदार आणि त्याची बायको, मागे ठकी आणि तिच्या मांडीवर पेंगुळलेला सोन्या. तिचा एक हात पट्ट्यावर, दुसरा त्याच्या पोटाभोवती. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता उजवीकडे वळतो. गाडी उजवीकडे वळली की आतलं सगळं डावीकडे रेलतं, हे तुम्ही अनुभवलं असेलच. सगळं रेललं, कडीची जीभ सुटली आणि वाऱ्यानं दार ओढलं. दाराबरोबर पट्टा गेला, पट्ट्याबरोबर ठकीचा हात. तिनं पट्टा सोडला नाही. दारावर कोण, मी, हे तिच्या मुठीत इतकं भिनलं होतं की मूठ उघडलीच नाही. उघडला तो दुसरा हात.

सोन्या वाचला. त्याच्या डाव्या पायाचं हाड मांडीपाशी मोडलं होतं. ते जुळलं, पण पाय पाऊण इंच आखूड जुळला.

दवाखान्यातून आल्यावर आईनं ठकीला माझ्यापाशीच उभं केलं.

"कडीला हात लावलास ना?"

"नाही."

"मग कोपर लागलं असेल. दार काय आपणहून उघडतं?"

ठकी मोजणीदाराकडे बघत राहिली. तो जमिनीकडे बघत होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "लागलं असेल."

मित्रांनो, त्या क्षणी मी नुसतं करकरले असते तरी चाललं असतं. एरवी मी पै-पाहुण्यांसमोर कशानंही करकरायचे. त्या दिवशी डिकी रिकामी होती, कडी चोख बसली होती, आणि मी साळसूदासारखी गप्प उभी राहिले.

पुढचं कुणी पाहिलं नाही, मीच पाहिलं. आठवड्यानं, घरातली सगळी दुपारची आडवी झालेली असताना, मोजणीदार शेडमध्ये आला. त्यानं बारा दगड एकेक करून डिकीत ठेवले. मग डाव्या दारापाशी गुडघे टेकून बसला आणि फटीत बोट घातलं. बोट आत गेलं. दगड काढले, पुन्हा बोट घातलं. गेलं नाही. तो मोजणीदार होता, मित्रांनो. फट म्हणजे काय ते त्याला शिकवावं लागत नव्हतं. तो उठून घरात गेला, स्वयंपाकघराच्या खिडकीची लोखंडी खिटी स्क्रू फिरवून काढून आणली, आणि ती माझ्या डाव्या दाराला आतून बसवली. सरकवली की दार खांबाला अडकून राहायचं. दगड आत असोत नाहीतर हत्ती.

आवाजानं ठकी पायरीवर आली होती. तिनं विचारलं, "बाबा, हे कशाला?"

तो म्हणाला, "आता कुणाचा हात लागला तरी उघडणार नाही."

एवढंच. चुकलं माझं, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं, मी पाहिलंय. पण बाहेर पडलं ते हे. त्या दिवसापासून तिनं त्या खिटीकडे कधी सरळ पाहिलं नाही, आणि ती पुन्हा दारापाशी बसली नाही.

सोन्या लंगडत लंगडत मोठा झाला. स्वभावानं मिस्कील. कुणी पायाचं विचारलं की म्हणायचा, "ताईनं मला चालत्या गाडीतून उतरवलं. तेव्हापासून मला कशाची घाई नाही." सगळे हसायचे. ठकीही हसायची आणि मग काहीतरी आणायला आत जायची. ती शिवणकाम शिकली, त्यात नाव काढलं. भावाची प्रत्येक पँट तिनंच शिवली. डावा पाय पाऊण इंच आखूड, आणि दुमड अशी बेमालूम घालायची की बघणाऱ्याला कळू नये. लग्नात त्याचा सूटही तिनंच शिवला. किती पँटी झाल्या असतील चाळीस-पंचेचाळीस वर्षांत. दरवेळी ती पट्टी लावून पाऊण इंच मोजायची.

मोजणीदार गेला. सोन्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला. मी शेडमध्ये राहिले. टायर बसले, गादीत उंदरांनी संसार थाटला, आणि खालून मला गंजानं खाल्लं. गाडीला खाली लोखंडाची एक चौकट असते, माणसाच्या पाठीच्या कण्यासारखी. तिला चासी म्हणतात. माझी चासी इतकी कुजली की मांजर अंगावरून गेलं तरी पापुद्रे पडत. ठकी, म्हणजे आता ठकीआत्या, समोरच्याच खोलीत मशीन चालवायची. खिडकीतून मी तिला दिसायचे. एक दिवस तिनं त्या खिडकीला जाड पडदा शिवून लावला. मला दुर्लक्षाचं दुःख झालं म्हणावं, तर तेवढंही तोंड मला नव्हतं.

मग सोन्याही गेला. दोन वर्षं झाली. त्याच्या मुलाला वाटलं, बाबा लहानपणी ज्या गाडीत बसायचे ती पुन्हा रस्त्यावर आणावी. आत्या म्हणाली, "ने. माझी काही हरकत नाही." तिचा आवाज कसा आला ते त्याला कळलं नाही. त्याच्या बायकोला कळलं. ती नजर ठेवून असायची सगळ्यावर. त्यांची मुलगी चार वर्षांची, कपाळावरच्या टिकलीएवढी म्हणून तिला टिकलीच म्हणत. टिकलीची आई म्हणजे पायऱ्या उतरताना मुलीच्या पुढे एक पायरी उतरणारी बाई. नवरा चिडवायचा, "हिला देवानं दोन डोळे कमीच दिले."

मला उस्तादाच्या वर्कशॉपमध्ये नेलं. उस्ताद पत्र्याचं काम करण्यात एक नंबर. त्यानं खाली वाकून माझी चासी बघितली आणि म्हणाला, "साहेब, वरून राणी आहे, खालून भंगार. हिला दुसऱ्याचे पाय द्यावे लागतील."

ते पाय सहा वर्षांच्या एका गाडीचे होते. उभ्या उभ्या तिच्यावर भिंत कोसळली होती. वरचं अंग चेपलं, खालचं सगळं धडधाकट. तिचं चेपलेलं अंग करवतीनं कापून बाजूला टाकताना मी शेजारीच उभी होते. तिच्या मागच्या काचेवर कुणा मुलानं चिकटवलेला एक चंद्र होता. तो कापलेल्या पत्र्यांबरोबर गेला. मला जिवंत ठेवायला हे चाललंय, हे मला कळत होतं, आणि मी काय अशी मोठी लागून गेले होते?

मला साखळीच्या कप्पीनं छताला टांगलं. अकरा दिवस मी लोंबकळत होते. मग हळूहळू मला तिच्यावर उतरवलं, तर मी तिच्यापेक्षा वीतभर लांब. उस्तादानं तिच्या शेपटीला वीतभर लोखंडाचा जोड वेल्ड केला, त्यावर रबराचे गट्टू ठेवले आणि मला बोल्टांनी आवळलं. दारं त्यानं अशी जुळवली की लावताना नुसतं 'टक' व्हायचं. कडी मात्र मूळचीच ठेवली, कारण सोन्याच्या मुलाची तशी इच्छा होती. सगळं जुळवलं ते डिकी रिकामी असताना.

आणि मग ते जुना फोटो घेऊन बसले. मी नवीकोरी असतानाचा फोटो, दारं उघडी टाकून काढलेला. उस्ताद प्रत्येक स्क्रू त्याच्याशी ताडून बघत होता. डाव्या दारापाशी येऊन थबकला. "ही खिटी कसली? फोटोत नाही."

सोन्याचा मुलगा म्हणाला, "खिडकीची दिसतेय. कुणीतरी मागाहून ठोकलेली. काढून टाका, मूळचं तेवढंच राहू दे."

"मी तेच म्हणणार होतो. तुपात माशी पडल्यासारखी दिसते."

खिटी निघाली. भोकांत पुट्टी भरली, वर रंग चढला. कुणी बसवली, कशाला बसवली, हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. विचारायचं तर आत्या अर्ध्या तासाच्या रस्त्यावर होती.

आता राहिली खालची. ही आजकालची गाडी, तिला एका डब्यात मेंदू असतो. तो सारखा चौकशी करतो. पट्टा बांधलात का? दार लागलं का? तिच्या स्वतःच्या दारांत त्यासाठी बटणं होती. माझ्या दारांत कुठली असायला? उत्तर मिळेना म्हणून ती अखंड टुंटुं वाजायला लागली. उस्तादाचा वायरवाला दोन दिवस वैतागला. तिसऱ्या दिवशी त्यानं दोन वायरी सोलून एकमेकींना पीळ दिला, वर चिकटपट्टी गुंडाळली. "झालं. आता हिला वाटणार दारं जन्मभर बंदच आहेत."

त्या दिवसापासून खालची दर क्षणाला मला विचारते, दार लागलं का? आणि माझ्या अंगातली ती पिळलेली वायर दर क्षणाला सांगते, हो. ती बिचारी विश्वास ठेवते. मित्रांनो, एकदा गप्प राहून मी गुन्हा केला होता. आता मी खोटंही बोलू लागले.

गाडी न्यायला आले तेव्हा टिकलीच्या आईनं चारही दारं उघडून बघितली. मग उस्तादाला विचारलं, "इंजिन चालू आहे, दार उघडं आहे, तरी ही वाजत कशी नाही?"

"वाजायची ताई, फार कटकट करायची. तोंड बांधून टाकलं तिचं."

नवरा हसला. "माझ्या घरी पण एक आहे, तिचंही बांधा."

ती हसली नाही. पण गप्प बसली. सतत कोणी आपल्याला भित्री म्हणत असलं, की माणूस खऱ्या भीतीलाही टिचकी मारून बसवायला शिकतं. मागच्या बाकावर एका जागेला तरी पट्टा लावून द्या, एवढं तिनं हट्टानं करून घेतलं. तो मधल्या जागेला बसला.

पहिली मोठी फेरी ठरली ती आत्याला आणायची. मोतीबिंदू काढल्यापासून तिनं एकटं राहू नये, आमच्याकडेच यावं, असं टिकलीच्या आईनं ठरवलं होतं. आत्यानं अट घातली, मशीन बरोबर येईल. ओतीव लोखंडाच्या पायांचं शिवणयंत्र ते. दोन हमालांनी डिकीत चढवलं, वर कापडांची लोखंडी पेटी. माझं बूड बसलं. वीतभर जोडाच्या पुढे माझं अंग वाकलं, आणि डाव्या खांबापाशी मला ती ओळखीची फट जाणवली. बोटभर.

टिकली डाव्या दाराशी उभी राहून नाचत होती. "मी खिडकीत बसणार. मधे मला काही दिसत नाही."

"बसू दे गं," बाप म्हणाला. "एवढ्याशा रस्त्याला काय पट्टा नि बिट्टा."

टिकलीच्या आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं. पण शांत बसायचं," असं ती म्हणतच होती, तेवढ्यात आत्या माझ्यापाशी आली. दार उघडून तिनं आत हात घातला, जिथं खिटी असायची तिथं चाचपडली.

"इथली खिटी कुठंय रे?"

"काढली आत्या. मूळची नव्हती ती."

आत्यानं हात काढून घेतला. मग म्हणाली, "टिकले, मधे बस. दारावर मी."

त्रेपन्न वर्षांनी ती पुन्हा त्या जागेवर बसली. टिकली तोंड फुगवून मधे, पट्ट्यात. पलीकडे तिची आई. आत्यानं चामड्याचा पट्टा डाव्या हातात घेतला आणि असा आवळला की बोटांची पेरं पांढरी पडली. टिकलीच्या आईनं ते बघितलं आणि सगळा रस्ता तिची नजर त्या हातावरून हलली नाही.

"आत्या, हात भरून येईल. सोडा की थोडा."

"सवय आहे गं."

पाण्याची टाकी आता पाडली आहे, वळण मात्र तिथंच आहे. रस्ता उजवीकडे वळला. मी जीव खाऊन कडी धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण पत्र्याच्या प्रयत्नाला काय अर्थ. जीभ सुटली, वाऱ्यानं दार ओढलं, दाराबरोबर पट्टा निघाला.

या वेळी ठकीनं पट्टा सोडला.

तिनं दोन्ही हात टिकलीभोवती टाकले आणि पुढच्या सीटच्या पाठीत पाय रुतवून तिच्यावर अशी वाकली, की बाहेरच्याला टिकली दिसलीसुद्धा नसती. टिकलीच्या आईनं आत्याच्या कमरेचं कापड मुठीत धरलं होतं. दार रस्त्याकडेच्या एका खांबावर आपटून चेमटलं. ब्रेक लागले. खालचीचे ब्रेक ते, मोठे गुणी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

रस्त्याच्या कडेला सगळे उतरले. आत्याच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हे, "माझंच कोपर लागलं असेल रे कडीला."

"नाही," टिकलीची आई म्हणाली.

"अगं, लागलं असेल. कळत नाही आपल्याला."

"आत्या, नाही लागलं. मी घरापासून तुमच्या हाताकडेच बघत होते. एक हात पट्ट्यावर होता, दुसरा मांडीवर. कोपर कडीपासून वीतभर लांब होतं. दार आपणहून उघडलं."

दार आपणहून उघडलं, हे वाक्य आत्यासमोर आजवर कुणी उच्चारलंच नव्हतं. तिनं स्वतःही नाही.

उस्ताद फोन केल्यावर स्कूटर हाकत आला. चेमटलेलं दार त्यानं ठोकून सरळ केलं, लावलं. 'टक' झालं. "दार तर बरोबर लागतंय."

"डिकीत मशीन आहे," टिकलीची आई म्हणाली. "मशीन चढवलं तेव्हा गाडी खाली बसलेली मी बघितली. आधी असं ओझं घालून बघितलं होतं का तुम्ही?"

उस्तादानं खिशातून एक कार्ड काढलं आणि खांबापाशी फटीत सरकवलं. ते पाण्यात बुडावं तसं आत गेलं. एक घडी घातली, तरी गेलं. मग त्यानं आणि सोन्याच्या मुलानं मशीन उतरवून रस्त्यावर ठेवलं. कार्ड जाईना. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. उस्तादाचा चेहरा उतरला. तो दाराच्या आतल्या बाजूवर बोट फिरवत राहिला. एका जागी नखानं खरवडलं. रंग निघाला, पुट्टी निघाली, आणि स्क्रूची चार भोकं दिसली.

"खिटी," तो म्हणाला. "साहेब, आपण काढली ती खिटी. फोटोत नाही म्हणून काढली. अहो, मग बसवली कशाला, हे मला सुचायला नको होतं? तीस वर्षं झाली मला या धंद्यात. ज्यानं ती बसवली त्यानं ही फट बघितलेली होती. अगदी ओझं घालून बघितलेली."

आत्या रस्त्यावरच्या मशीनला टेकून उभी होती.

"म्हणजे ती दारासाठी होती," ती हळू म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यासाठी."

तिच्या भाच्याला काही कळेना. "आत्या, बाबा तुला कधी काही बोलले होते का?"

"सोन्या? नाही रे. तो कशाला बोलतोय. मीच रोज बोलायचे. मनात." आणि मग, "बाबांना ठाऊक होतं तर." यात राग होता की आणखी काही, ते मला सांगता येणार नाही. एका बापाची आणि एका गाडीची चूक एकाच बाईनं इतकी वर्षं वाहिली होती, आणि आम्हा दोघांपैकी एक जण तर माफी मागायलाही उरला नव्हता. दुसरीला तोंड नव्हतं.

टिकलीनं तिचा हात ओढला. "आत्याआजी, तू मला किती जोरात धरलंस. दुखलं मला."

"दुखू दे," आत्या म्हणाली, आणि तिला उचलून मशीनच्या फळीवर बसवलं.

मित्रांनो, मी आता पुन्हा रस्त्यावर असते. कडी नवी आहे. जोडाला खालून आणखी एक तिरपा आधार दिला आहे. सगळ्या जागांना पट्टे आहेत. खिटी परत बसवली. तुपातली माशी ती, पण आत्या तिला दर आठवड्याला मशीनचं तेल देते. आणि टिकलीच्या आईनं वायरवाल्याला घरी बोलावून, शेजारी स्टूल टाकून बसून, तो पीळ सोडवून घेतला. माझ्या चारही दारांत बटणं बसली. नवरा आता तिच्या डोळ्यांवरून चिडवत नाही. निघताना तोच विचारतो, "दारावर कोण?" आणि टिकली ओरडते, "बटण."

माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. जुन्या वस्तूवर कुणीतरी मागाहून ठोकलेलं काही ओबडधोबड दिसलं, तर ते उपटण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. यंत्र कटकट करत असेल तर त्याचं तोंड बांधू नका, ते काय म्हणतंय ते बघा. माणसाचंही तसंच. आणि एखादं मूल म्हणालं, मी नाही हात लावला, तर त्याला दुसऱ्यांदा विचारण्याआधी दार एकदा ओझं घालून तपासा. मुलं फार लवकर 'लागलं असेल' म्हणतात.

परवा बाजारातून येताना डिकीत सामान जास्त झालं होतं. खालचीनं नेहमीसारखं विचारलं, दार लागलं का? मी म्हणाले, नाही, अजून नाही. ती टुंटुं वाजायला लागली. सगळे थांबले. आत्यानं दार पुन्हा ओढून लावलं, खिटी सरकवली, आणि माझ्या पत्र्यावर दोन बोटांनी हलकेच थोपटलं. म्हणाली, "बोललीस बाई एकदाची."